डोंगरबंदी

आमच्या गावात डोंगर नाही. जकार्ताकडून येताना लागणाऱ्या तेगल शहराच्या पूर्वेला समुद्राला खेटून वसलेलं आमचं गाव ताटासारखं सपाट आहे. एखाद्या स्वच्छ पहाटे दक्षिणेला लांबवर एक ज्वालामुखी दिसतो, पण तोही एकच, आणि तोही न्याहारीच्या आत ढगात गडप होतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे काही झालं त्यात माझी बाजू अगदीच लंगडी नव्हती एवढं तरी वाचकांच्या ध्यानात यावं.

मी इथल्या प्राथमिक शाळेत पाचवीला शिकवतो. नाव वार्योनो. आमच्याकडे पुरुषाच्या नावाआधी मानानं ‘पाक’ लावतात, बाईच्या नावाआधी ‘बू’, आणि आईच्या जागी असलेल्या म्हातारीला ‘माक’ म्हणतात. मुलं ‘पाक गुरू’ म्हणतात, गाव ‘पाक वार्योनो’ म्हणतं, आणि माझी बायको कुस्तिया ज्या दिवशी मला ‘पाक गुरू’ म्हणते त्या दिवशी मी जेवताना वर मीठदेखील मागत नाही.

आमची मुलं वाचतात झकास. धडा हातात दिला की एका दमात, न अडखळता, शेवटच्या पूर्णविरामापर्यंत. बाहेरून जाणारा माणूस थबकून ऐकेल असं वाचन. फक्त नंतर विचारायचं नाही की काय समजलं. विचारलं तर सगळा वर्ग एका सुरात सांगतो, “मेहनत करावी आणि आईवडिलांचा मान ठेवावा, पाक गुरू!” धडा बेडकाच्या पोटातल्या अवयवांचा असला तरी बोध हाच. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच, पण आमच्या घड्याला निदान आवाज तरी गोड आहे.

तर एके दिवशी मुख्याध्यापिका बू मुर्ती यांनी सगळ्या शिक्षकांना बोलावलं आणि खालच्या आवाजात सांगितलं की वरून पर्यवेक्षक येणार आहेत. लहान शाळा मोठ्या शाळांत मिसळून टाकायचं वारं सुटलंय. आमची पाचवी वाचनात कच्ची निघाली, तर आमच्या शाळेला कुलूप लागणार आणि मुलं हमरस्त्यापलीकडच्या मोठ्या शाळेत जाणार.

हा हमरस्ता म्हणजे जकार्ताहून सुराबायाला जाणाऱ्या ट्रकांची अखंड रांग. तो ओलांडताना धडधाकट माणूससुद्धा आधी देवाचं नाव घेतो. मला पहिल्यांदा आठवली ती माझ्या वर्गातली लैली. तिचा बाप मासेमारीच्या जहाजावर, गेला की महिनोन्‌महिने परतत नाही. आई नाही. आजी माक रस्ती शाळेच्या फाटकाशी टेंपेची, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्यांची, भजी तळते, सकाळी नातीला हाताला धरून आणते आणि दुपारी हाताला धरून नेते. म्हातारीच्या गुडघ्यांना हमरस्ता झेपणार नव्हता, आणि लैलीला एकटीला त्या ट्रकांत धाडायला ती तयार होणार नव्हती. म्हणजे पोरीचं शिक्षण पाचवीतच आटोपलं असतं.

आणि माझा हात वर गेला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते मी अक्षरशः केलं.

“माझ्याकडे एक पद्धत आहे,” मी म्हणालो. सेमारंग शहरात झालेल्या प्रशिक्षणातून मी एक प्रमाणपत्र, एक कापडी पिशवी आणि ही पद्धत घेऊन आलो होतो. पिशवी कुस्तियानं बाजाराला घेतली. पद्धत राहिली होती. “मुलांनी धडा वाचायचा आणि त्याचं चित्र काढायचं. चित्र काढायचं म्हटलं की मूल पुन्हा धड्यात शिरतं. कोण होतं, कुठे होतं, हातात काय होतं हे बघावंच लागतं. जे समजलं नाही ते कागदावर उघडं पडतं.”

“वा!” बू मुर्ती म्हणाल्या. “मग पर्यवेक्षकांना तुमचाच वर्ग दाखवू.” बाकीच्या शिक्षकांनी इतक्या प्रेमानं माझ्याकडे पाहिलं की माझ्या पायाखालची वाळू सरकली.

दुसऱ्या दिवशी धडा होता एका कोळ्याचा. पहाटे त्याची होडी वादळात सापडते, जाळं फाटतं, तो कसाबसा किनाऱ्याला लागतो. आमची निम्मी मुलं कोळ्यांची. मी कागद वाटले आणि मोठ्या समाधानानं खुर्चीत टेकलो. थोड्या वेळानं चित्रं गोळा केली. पहिल्या चित्रात दोन त्रिकोणी डोंगर. दोन डोंगरांच्या मधोमध सूर्य. सूर्याखालून निघालेला रस्ता, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भातखाचरं. दुसऱ्या चित्रात दोन डोंगर, मधे सूर्य, रस्ता, खाचरं. तिसऱ्यात तेच. गठ्ठ्याच्या तळापर्यंत तेच. रिझ्की नावाच्या मुलाच्या चित्रात तेवढी होडी होती, पण ती रस्त्यावर.

“अरे, होडी रस्त्यावर कशी?”

“समुद्राला जागाच उरली नाही, पाक गुरू.”

आता आमच्या देशात जन्मलेल्या कुणालाही हे दोन डोंगर नवे नाहीत. पेन्सिल हातात आली की आमचा हात आपोआप ते काढतो. मीही लहानपणी काढले, माझ्या बापानंही काढले. पण मी ठरवलं की हा पहिला दिवस आहे, सवय मोडेल. पुढचा धडा दवाखान्याचा दिला. दवाखाना दोन डोंगरांच्या मधे उभा राहिला. मग मुद्दाम साखरेच्या बरणीत अडकलेल्या मुंगीची गोष्ट दिली. बरणीत कुठून येणार डोंगर? आले. बरणीच्या आत दोन डोंगर, मधे सूर्य, आणि रस्त्यावरून चाललेली मुंगी.

त्या संध्याकाळी मी कुस्तियाला हे सगळं तावातावानं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, “मग तुम्ही काढून दाखवा ना त्यांना. आपलं स्वयंपाकघर काढा बघू.”

मी पेन्सिल घेतली. चूल काढली, मांडणी काढली, भिंतीला खिडकी काढली. कुस्तिया माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती.

“आपल्या खिडकीतून शेजाऱ्यांची न्हाणी दिसते, पाक गुरू,” ती म्हणाली.

मी पाहिलं. खिडकीत दोन डोंगर होते. सूर्यसुद्धा उगवून बसला होता. मी मुकाट्यानं कागद चुरगळला आणि जेवताना मीठ मागितलं नाही.

दुसऱ्या दिवशी चिडून मी डोंगरबंदी जाहीर केली. ‘यापुढे चित्रात डोंगर दिसता कामा नये.’ वर्ग असा गप्प झाला की जणू मी मधली सुट्टी रद्द केली होती. मग लैलीनं हात वर केला. “आणि सूर्य?”

“दोन डोंगरांमधला असेल तर तोही नको.”

हे वाक्य मी उच्चारायला नको होतं. ते शाळा सुटायच्या आत गावात पोचलं, आणि पोचेपर्यंत त्याचं रूप ‘पाक वार्योनोनी सूर्यावर बंदी घातली’ असं झालं होतं. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर कुणीतरी रडक्या चेहऱ्याचा सूर्य टाकला. दुसऱ्या सकाळी फाटकाशी माक रस्तीनं झारा हातात धरून मला अडवलं.

“माझ्या नातीचा सूर्य तुम्ही घेतलात?”

“माक, तसं नाही. वाचन सुधारायचंय.”

“काल घरी कोऱ्या कागदाकडे बघत बसली होती पोर. म्हणते, डोंगर नाहीत तर सुरुवात कुठून करू? तुम्हाला एवढे काय खुपतात ते डोंगर? जागा तरी घेतात का तुमच्या घरात?” असं म्हणून तिनं मला भजी दिली, पण नेहमीसारखी वर हिरवी मिरची ठेवली नाही. आमच्या भागात मिरचीशिवाय भजं देणं म्हणजे जवळजवळ बोलणं टाकणं.

वर्गातली गत आणखी न्यारी. बंदी आली की चोरवाटा फुटतात. रिझ्कीनं दोन उंच पिवळे शंकू काढले.

“हे काय? डोंगरच ना?”

“छे, पाक गुरू. हे तुंपेंग. आमच्याकडे बारसं आहे, दोन पराती भात केलाय.” सणासमारंभाला पिवळ्या भाताचा शंकू आमच्याकडे प्रत्येक घरात होतो, त्यामुळे मी बोट पुढे सरकवलं.

“आणि मधे हे गोल?”

“उकडलेलं अंडं.”

“त्याला किरणं का आहेत?”

“गरम आहे, पाक गुरू.”

दुसऱ्यानं दोन शिडं काढली, तिसरीनं पाठमोरी बसलेली दोन लठ्ठ माणसं. उरलेल्यांचे कागद कोरेच राहिले. आणि मी दम भरू लागलो की मुलं मान वळवून मागे बघायची. कारण वर्गाच्या मागच्या भिंतीवर, शाळा सुशोभीकरण योजनेत, सरकारी रंगानं, छतापासून जमिनीपर्यंत रंगवलेलं होतं एक भव्य चित्र. त्यात काय होतं हे सांगायची गरज नाही.

ती भिंत झाकायची म्हणून मी बू मुर्तींकडे गेलो. त्या म्हणाल्या, योजनेतलं चित्र आहे, वरून परवानगी लागेल. मी अर्ज केला. तालुक्याच्या कचेरीत पहिल्या टेबलानं विचारलं, कुठले डोंगर? दुसऱ्या टेबलानं विचारलं, डोंगरांबद्दल तक्रार असेल तर वनखात्याकडे का जात नाही? तिसरं टेबल जेवायला गेलं होतं. शेवटी उत्तर आलं की भिंत झाकण्यास हरकत नाही, मात्र चित्र पूर्णपणे दिसत राहील याची दक्षता घ्यावी. मी हे उत्तर घरी कुस्तियाला वाचून दाखवलं, आणि विचारलं की काय समजलं? ती म्हणाली, “मेहनत करावी आणि आईवडिलांचा मान ठेवावा.”

वस्तीचे मुखिया पाक सोबिरिन यांनी मला चहाला बोलावलं. आमच्याकडे मातीच्या किटलीतला मोगऱ्याचा चहा कपात ओततात, कपाच्या तळाशी खडीसाखरेचा खडा असतो, आणि तो ढवळायचा नाही असा दंडक आहे. मी त्या दिवशी इतका वैतागलो होतो की चमचा मागितला.

“ढवळू नका, पाक वार्योनो,” पाक सोबिरिन म्हणाले. “आपसूक विरघळू द्या. पहिला घोट कडू लागतोच.”

“पर्यवेक्षक परवा येणार आहेत हो! खडा विरघळेपर्यंत शाळा जाईल!”

“हे मी चहाबद्दलच सांगत होतो,” ते गोंधळून म्हणाले. “बाकी डोंगरांचं म्हणाल, तर एक ठेवा, एक काढा. दोघांचंही मन राहील.” सल्ला देणाऱ्याचा उत्साह मोडू नये म्हणून मी मान डोलावली आणि कडू चहा पिऊन उठलो.

पर्यवेक्षक पाक हाजी तोहारी आले तेव्हा खिडकीबाहेर गाव लोटलं होतं. मुलांच्या आया, पाक सोबिरिन, आणि सगळ्यांत पुढे, गजांना धरून, माक रस्ती. तळण बंद ठेवून ती उभी होती हे पाहून मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. ही बाई पावसातसुद्धा कढई उतरवत नाही.

पाक हाजी तोहारी बारीक चणीचे, हसण्याचं वावडं असलेले गृहस्थ. त्यांनी पिशवीतून स्वतःचा उतारा काढला आणि लैलीला वाचायला लावला. पोरीनं एका दमात वाचला: “बू सारिनेम लगबगीनं घरी आली. तिनं कोंबड्या डालल्या, दिवा लावला. दोन ताटं वाढली आणि दारात येऊन उभी राहिली. रस्त्यावर कुणीच नव्हतं. ती तिथंच उभी राहिली.”

“काय समजलं?” पाक हाजींनी वर्गाला विचारलं.

“मेहनत करावी आणि आईवडिलांचा मान ठेवावा!”

माझ्या तोंडचं पाणी पळालं. पाक हाजींनी भुवई उंचावून माझ्याकडे पाहिलं. “तुमची काहीतरी चित्रांची पद्धत आहे म्हणे. दाखवा.”

मी कागद वाटले. कुणीही पेन्सिल उचलेना. सगळा वर्ग माझ्याकडे बघत बसला. मग लैली उभी राहिली आणि पाहुण्यांसमोर, स्वच्छ आवाजात तिनं विचारलं, “पाक गुरू, डोंगर काढले तर चालतील?”

“म्हणजे?” पाक हाजी वळले. “इथे डोंगरांना बंदी आहे?”

खिडकीतून माक रस्तीनं एक हुंकार सोडला. आतापर्यंत मी या बंदीसाठी गावाशी, कचेरीशी आणि बायकोशी भांडलो होतो. पण त्या मुलांच्या हातांतल्या अडून बसलेल्या पेन्सिली पाहिल्या आणि माझा ताठा कुठल्या कुठे गेला.

“काढा,” मी म्हणालो. “हवे तेवढे डोंगर काढा.”

वर्गभर सुस्कारा उमटला आणि मग पेन्सिलींची खरखर सुरू झाली. खाली माना घालून मुलं अशी कामाला लागली की खिडकीतल्या आयासुद्धा कुजबुजायच्या थांबल्या. मी मात्र डोळे मिटून उभा होतो. मला माहीत होतं काय दिसणार आहे.

तेच दिसलं. बाकाबाकावर दोन डोंगर, मधे सूर्य, रस्ता, खाचरं. पाक हाजी एकेक कागद बघत पुढे सरकत होते आणि त्यांचा चेहरा लांब होत चालला होता. लैलीच्या बाकाशी ते थांबले.

“सूर्य अर्धाच का?”

“मावळतोय, पाक.”

पाक हाजींनी हातातलं उत्तरांचं पान पाहिलं. “चूक. इथे वेळ सकाळची दिलीय. उताऱ्यात लिहिलंय का कुठे, मावळतोय म्हणून?”

“तिनं कोंबड्या डालल्या ना,” लैली म्हणाली. “सकाळी कोंबड्या सोडतात. आणि उजेडात दिवा कोण लावेल?”

पाक हाजींनी उतारा वाचला. मग पुन्हा वाचला. मग उत्तरांचं पान वाचलं. मी तोवर धीर करून लैलीचा कागद पहिल्यांदा नीट पाहिला. डोंगरांच्या पायथ्याशी बोटाएवढं घर होतं, दारात बाई होती, आणि रस्ता डोंगरांच्या मधे शिरून दिसेनासा होत होता. मी शेजारचे कागद पाहिले. सगळ्यांचे सूर्य खाली उतरलेले होते. रिझ्कीचा तर पार बुडाला होता आणि त्यानं वर चांदणी काढली होती.

“आणि हा ठिपका कसला रे?” पाक हाजींनी रिझ्कीला विचारलं. डोंगराआडून जरासं काहीतरी डोकावत होतं.

“येणारा माणूस.”

“उताऱ्यात तर रस्त्यावर कुणी नाही!”

“म्हणून तर डोंगराआड काढलाय, पाक. तिला अजून दिसत नाही. पण तो यायचा आहे. नाहीतर ताटं दोन कशाला वाढली असती?”

“माझ्यात तो येत नाही,” लैली हळूच म्हणाली. “ती रोज दोन ताटं वाढते.”

खिडकीत माक रस्तीनं पदरानं तोंड पुसलं. एवढे दिवस मी गठ्ठेच्या गठ्ठे तपासले होते, आणि डोंगर दिसताच कागद बाजूला टाकला होता. डोंगर म्हणजे त्यांची बसायची जागा होती. घरात शिरल्यावर आधी चटई अंथरतात, तशी ती अंथरून मग पोरं गोष्ट मांडत होती. होडी रस्त्यावर आली तेव्हा तिचं जाळं फाटलेलं होतं का, हे मी पाहिलंच नव्हतं.

पाक हाजी तोहारी मुलांच्या छोट्या बाकावर, गुडघे छातीला टेकवून बसले. रिझ्कीची पेन्सिल मागून घेतली आणि उत्तरांच्या पानाच्या पाठीवर काहीतरी काढू लागले. मी वाकून पाहिलं. दोन डोंगर.

“आमच्या गावातही डोंगर नव्हता,” ते म्हणाले. “मी वर पक्षी काढायचो. कुणी पक्षी काढत नाही वाटतं हल्ली?” आणि पहिल्यांदाच ते थोडेसे हसले. मग पान उलटून त्यांनी ‘सकाळ’ खोडून ‘संध्याकाळ’ केलं. त्यांचा तिथला छापील बोध ‘वेळेवर जेवावे’ असा होता. तोही त्यांनी खोडला.

महिन्याभरानं वरून निरोप आला की आमची शाळा आहे तिथंच राहणार. बू मुर्तींनी पेढे वाटावेत तसे सगळ्यांना भाताचे लाडू वाटले. पाक सोबिरिन गावभर सांगत फिरले की एक डोंगर ठेवा ही कल्पना मूळ त्यांची. माक रस्तीनं मला पुडीभर भजी दिली आणि वर इतक्या मिरच्या ठेवल्या की मला रात्रभर पाणी प्यावं लागलं. मी कुरकुर केली नाही. त्या तिखटाचा मी आजही ऋणी आहे. तसाच त्या दोन डोंगरांचा, ज्यांना मी हाकलू पाहिलं आणि जे हलले नाहीत.

शिक्षकदिनाला मुलांनी मला एक मोठं चित्र दिलं. सगळ्यांनी मिळून काढलेलं. दोन डोंगर, मधे सूर्य, रस्ता, खाचरं. वर कोपऱ्यात पक्षी. आणि एका डोंगराच्या कुशीत एक पोट सुटलेला माणूस, हातात भलंमोठं खोडरबर.

“हा मी का?”

“हो! तुम्ही डोंगर पुसताय,” रिझ्की म्हणाला. “पण तुम्हाला ते जमत नाहीये.”

वर्ग खिदळला. मी विचारलं, “बरं, हा सूर्य उगवतोय की मावळतोय?”

“वाचा ना, पाक गुरू,” लैली म्हणाली. “सगळं त्यातच आहे.”

मी चष्मा पुसला आणि वाचू लागलो. रस्त्यावर दप्तरं घेतलेली मुलं होती, त्यांची तोंडं शाळेकडे होती. फाटकाशी एक म्हातारी बसली होती आणि तिच्या कढईतून वाफ निघत होती. “उगवतोय,” मी म्हणालो. “सकाळ आहे. शाळा भरतेय.”

लैलीनं गंभीरपणे कागदाच्या कोपऱ्यात मला ऐंशी गुण दिले.

“ऐंशीच? काय राहिलं?”

“हमरस्ता शोधा.”

मी डोंगरांपासून खाचरांपर्यंत बोट फिरवलं. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. ट्रक नव्हता, हमरस्ता नव्हता, कुठेच नव्हता.

“इथे तर नाहीच आहे गं.”

“हो,” लैली म्हणाली, आणि ऐंशी खोडून तिनं शंभर केले. “आता तो ओलांडायचाच नाहीये ना, पाक गुरू.”